रानवाटेच्या शंका: वाट चुकली तर ओढ्याकाठनं खाली उतरू नका

पाऊस सुरू झाला की ह्या सदराला येणारी पत्रं वाढतात हे दरवर्षीचंच आहे, पण ह्यावेळी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर आलीत, रानात अडकलं तर टिकायचं कसं. मोबाईलवर ते बुशक्राफ्टचे, म्हणजे रानात टिकायच्या कसबाचे, व्हिडिओ बघून पोरं विचारतायत, पोरांच्या आया विचारतायत, आणि एकदोन जुनी जाणती माणसंही विचारतायत. व्हिडिओ वाईट असतात असं मी म्हणत नाही, पण ते बहुतेक थंड मुलखातल्या रानाचे असतात, आणि आपलं रान म्हणजे खानापूर, जांबोटी, कणकुंबी, लोंढा, जोयडा, इथं पाऊस वेगळा, लाकूड वेगळं, धोके वेगळे. म्हणून ह्या महिन्यात हीच पत्रं घेतलीत. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं घातलेली नाहीत.

मामा, आम्ही कॉलेजची पाच जणं रविवारी जांबोटी, कणकुंबी बाजूला फिरायला जातो. एका व्हिडिओत सांगालेत की वाट चुकली तर ओढा शोधायचा आणि पाण्याच्या कडेनं खाली खाली जायचं, गाव लागतंच. आपल्याकडं हे चालेल काय? (टिळकवाडी, बेळगाव)

नाही चालणार बाळा, आणि कणकुंबी बाजूला तर मुळीच नाही. हे उत्तर जरा लांब लिहितो कारण ह्याच सल्ल्यापायी मी स्वतः एकदा कड्याच्या टोकावर जाऊन उभा राहिलोय.

आधी आपल्या खानापूर तालुक्याचं पाणी कसं वाहतंय ते बघ. मलप्रभा कणकुंबीत उगम पावते आणि पूर्वेला जाते, खानापूर, सौंदत्तीचं धरण, पुढं कूडलसंगमला कृष्णेला मिळते. आणि तिथनं फार लांब नाही, देगावच्या रानातनं म्हादई निघते ती पश्चिमेला, गोव्यात जाऊन मांडवी होते आणि पणजीला समुद्राला मिळते. एकाच तालुक्यातलं पाणी एक बंगालच्या उपसागराला, एक अरबी समुद्राला. आता तू धुक्यात वाट चुकलास आणि समोर ओढा लागला तर तो पूर्वेचा आहे का पश्चिमेचा हे तुला कसं कळणार? पूर्वेचा असला तर शेतवडीतनं निवांत जाईल, पश्चिमेचा असला तर घाटाच्या कड्यावरनं सरळ खाली पडेल. चोर्ला घाटात पावसाळ्यात रस्त्यावरनं जे धबधबे दिसतात ते सगळे असेच वरच्या पठारावरनं आलेले ओढेच आहेत की.

माझं झालं ते असं. जुलैचा शेवट, चोर्ल्याच्या वरच्या अंगाला आम्ही तिघं होतो, दुपारी धुकं उतरलं आणि दहा पावलांपलीकडचं दिसेना. ओढा सापडला तसे त्याच्या कडेनं निघालो. तासभर बरं चाललं होतं, मग पायाखाली माती संपून जांभ्याची सपाट फरशी लागली, त्यावर शेवाळ, पाणी एकदम पातळ पसरलेलं. आणि तोंडावर वारं यायला लागलं, पण समोरनं नाही, खालनं वर. पुढं झाडं नव्हती, नुसतं पांढरं. मित्रानं मागनं माझ्या सॅकचा पट्टा धरला. मी एक दगड टाकला, आणि तो पडल्याचा आवाज आलाच नाही. मग आम्ही आलो तसे हळूहळू, बसून बसून, मागं सरकलो.

म्हणून ध्यानात ठेव, ओढ्याचा आवाज पुढं मोठा होत चाललाय, माती जाऊन सपाट कातळ लागलाय आणि खालनं वर वारं लागतंय, ही तिन्ही कड्याची लक्षणं आहेत, तिथनंच माघारी फिरायचं.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे बसायचं. खरोखर बूड टेकून बसायचं, पाणी प्यायचं, काहीतरी खायचं, कारण वाट चुकल्याचं कळल्यावर पहिली पंधरा मिनिटं माणूस फक्त वेगात चालत सुटतो आणि तेवढ्यातच खरा चुकतो. मग खात्रीची शेवटची जागा कुठली होती ते आठवायचं आणि दिसत असेल तर त्याच पावलांनी तिथवर मागं जायचं. दिसत नसेल, अंधार होत असेल, तर तिथंच थांबायचं. फोन लावायचा ११२ ला, स्वतःच्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर मिळत असेल तर हा कॉल जातो. कॉल नाही लागला तर मेसेज करून बघ, कमी रेंजमध्ये मेसेज पुष्कळदा निघून जातो. बाकी वेळ फोन फ्लाइट मोडवर, नाहीतर रेंज शोधत शोधत बॅटरी संपते. शिट्टी असेल तर तीन वाजवायच्या, मिनिटभर ऐकायचं, परत तीन. ओरडून घसा दहा मिनिटांत बसतो, शिट्टी रात्रभर वाजते.

आणि दिवस असेल तर गुरांची वाट शोध. माणसांच्या आणि गुरांच्या वाटेवर छातीएवढ्या उंचीपर्यंत फांद्या मोडलेल्या असतात, डुकरा-भेकराची वाट खाली गुडघ्याएवढी बोगद्यासारखी असते, त्यात शिरायचं नाही. वाटेवर ताजं शेण आहे का, खुरांची टोकं कुठं वळलीत ते बघायचं, संध्याकाळची खुरं गोठ्याकडं गेलेली असतात. कुत्र्याचा, कोंबड्याचा आवाज, चुलीचा धूर, लाईटची तार, ह्यातलं काही मिळालं तर तुझी वाट मिळाली. आणि हे सगळं करायची पाळी येऊ नये म्हणून निघताना घरी सांगून ये, कुठं चाललोय, किती वाजेपर्यंत येणार. पाचांपैकी एकानंही सांगितलेलं नसतं, मला ठाऊक आहे.

माझा मुलगा नववीत आहे, त्याला ऑनलाईन मोठा चाकू, आग पेटवायची रॉड असा सगळा किट पाहिजे, तीन-चार हजारांच्या घरात जातंय. घेऊन द्यावं काय? (शहापूर, बेळगाव)

ताई, हौस आहे ती मोडू नका पण तेवढे पैसे घालवू नका. बाजारातनं ही यादी आणा, सगळं मिळून पाचशे-सातशेत बसेल: दोन लायटर वेगवेगळ्या पिशवीत बांधून, देवाच्या मेणबत्तीचे तुकडे, एक शिट्टी, डोक्याला लावायची बॅटरी, दहा-पंधरा मीटर सुतळी किंवा नायलॉनची दोरी, आणि ताडपत्रीवाल्याकडनं दोन बाय तीन मीटरचा जाड प्लास्टिकचा कागद. ह्या कागदावर सगळ्यात जास्त भर द्या. रानात उपाशी माणूस कितीतरी दिवस काढतो, पण भिजलेला आणि वाऱ्यात बसलेला माणूस एका रात्रीत गळून जातो.

कागद बांधायला शिकवा त्याला. कागदाला भोकं पाडली की वाऱ्यानं फाटतो, म्हणून कोपऱ्यात लिंबाएवढा गोटा ठेवायचा, कागद त्याच्याभोवती गुंडाळून मानेला दोरी आवळायची, मग कितीही ओढा, सुटत नाही. झाडाला बांधताना सुरगाठ मारायची, म्हणजे सकाळी गारठलेल्या बोटांनीही एका झटक्यात सुटते, निरगाठ मारली की भिजून अशी घट्ट होते की कापावीच लागते. जागा निवडताना आधी वर बघायचं, वाळकी फांदी किंवा आग्या मोहळ डोक्यावर नको, मग खाली बघायचं, पाणी वाहून गेल्याची खूण नको. खाली वीतभर पाला घालून त्यावर आधी प्लास्टिक आणि मग अंथरूण. व्हिडिओत नुसत्या पाल्यात झोपतात, आपल्या पाल्यात गोचीड असतात, विंचू असतात.

चाकूचं म्हणाल तर आपल्या रानाचं हत्यार कोयता, पण तो नववीच्या पोराच्या हातात मोठं माणूस शेजारी असल्याशिवाय देऊ नका. आधी साधा घरचा चाकू घेऊन काडी तासायला शिकू दे, बसून, हात मांडीच्या पुढं ठेवून, पातं अंगापासनं लांब जाईल असं. हे परड्यात किंवा शेतात करायचं, रानात नाही. खानापूर तालुक्यातलं भीमगड २०११ पासनं अभयारण्य आहे, तिथं परवानगीशिवाय शिरणं, झाड तोडणं, आग पेटवणं हे सगळं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात गुन्हा आहे, आणि तो असायलाच पाहिजे.

पावसात सगळं लाकूड ओलं असताना जाळ कसा करायचा? आम्ही शेतातल्या खोपीत प्रयत्न केला, अर्धी आगपेटी संपली. (निपाणी)

शेतातच केलात हे चांगलं केलात. आगपेटी संपते कारण आपण जाळ पेटवायची घाई करतो आणि सरपण नंतर शोधतो. उलटं करायचं. आधी अर्धा तास फक्त सरपण, तीन ढीग, काडीपेटीतल्या काडीएवढं, बोटाएवढं, मनगटाएवढं, आणि तुम्हाला पुरेल वाटतं त्याच्या दुप्पट.

जमिनीवर पडलेलं लाकूड घ्यायचंच नाही, ते स्पंजासारखं पाणी प्यालेलं असतं. उभं वाळलेलं किंवा दुसऱ्या झाडात अडकून राहिलेलं घ्यायचं. मोडून बघायचं, काट्कन आवाज आला तर घ्यायचं, नुसतं वाकलं तर टाकायचं. मोडलेली बाजू ओठाला लावून बघा, बोटांपेक्षा ओठाला ओल लवकर कळते, गार लागलं की ओलं. मनगटाएवढं वाळलेलं लाकूड बाहेरनं कितीही भिजलेलं असू दे, कोयत्यानं उभं चिरून चार फाका केल्या की आतला गाभा कोरडा निघतो. त्यातली एक फाक घ्यायची आणि चाकूनं वरनं खाली पातळ पातळ तासत आणायचं पण शेवटपर्यंत तोडायचं नाही, म्हणजे झिलप्या काडीलाच कुरळ्या होऊन लटकत राहतात. अशा पाच-सहा काड्या झाल्या की कागदाची गरजच नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर पट्टी खिशात असली तर ती भिजली तरी पेटते आणि बराच वेळ जळते, धूर काळा येतो पण काम होतं. मेणबत्तीचा तुकडा आधी पेटवायचा आणि त्यावर काड्या धरायच्या, म्हणजे एकाच काडीत भागतं. आणि ओल्या भुईवर थेट पेटवू नका, खाली फाका एकमेकीला चिकटून मांडा, त्यावर जाळ. आधी बारीक सरपण, ते धडधडलं की मगच बोटाएवढं. बाकीचं ओलं लाकूड जाळाच्या दोन्ही अंगाला उभं करून ठेवायचं, ते तिथंच वाळत राहतं.

जुन्या माणसांची एक गोष्ट सांगायचीच आहे. खानापूरच्या रानात कुंभा म्हणून झाड आहे, उन्हाळ्यात त्याला मोठी पांढरी-गुलाबी तुऱ्याची फुलं येतात. त्याच्या सालीच्या आतला तंतू एकदा पेटला की ज्वाला न होता नुसता धुमसत राहतो, म्हणून पूर्वी तोड्याच्या बंदुकीची वात ह्याची करत. एका गवळीवाड्यावर म्हाताऱ्या बाबांनी मला ते करून दाखवलं. पडलेल्या फांदीची वाळकी साल, दोन दगडांत चेचून चेचून काथ्यासारखी केली, तळहातावर चोळून गोळा केला. मग गारगोटी आणि पोलादाचा तुकडा काढला, गारगोटीच्या धारेवर आधी जाळून काळा केलेला सावरीचा कापूस अंगठ्यानं दाबून धरला आणि पोलाद वरनं खाली मारलं. चौथ्या फटक्याला कापसावर मोहरीएवढा लाल ठिपका. तो त्यांनी काथ्यात ठेवला, दोन्ही हातांत धरून तोंडासमोर नुसतं फुंकत राहिले, जोरात नाही, बाळाच्या डोळ्यावर फुंकर घालतो तशी. धूर दाट झाला आणि भप्कन पेटलं. त्यांच्या लहानपणी हे रोजचं काम होतं. असं कुणी अजून तुमच्या ओळखीत असेल तर लवकर जाऊन बसा त्यांच्यापाशी.

एक खबरदारी, बिब्ब्याचं लाकूड जाळात घालायचं नाही. त्याच्या चिकानं अंगावर फोड येतात आणि धूरही बाधतो. आणि माघ-फाल्गुनापासनं पहिल्या पावसापर्यंत रानात जाळ नकोच, त्या दिवसांत एका ठिणगीनं डोंगर जातो.

ओढ्याचं पाणी काचेसारखं स्वच्छ असतंय, ते तसंच प्यालं तर चालतं काय? आणि ऐनाच्या झाडात पाणी असतंय हे खरं काय? (लोंढा)

काचेसारखं दिसणं आणि पिण्याजोगं असणं ह्यात फरक आहे. वर अर्ध्या मैलावर रेडा मरून पडलेला असला तरी खाली पाणी नितळच दिसतं. पिकनिकची माणसं वरच्या अंगाला काय करून आलेली असतात ते तर बोलायलाच नको. जमिनीतनं थेट फुटणारा झरा ओढ्यापेक्षा बरा, पण उकळणं ते उकळणंच. आपल्या उंचीवर पाणी खळखळा उकळायला लागल्यावर एक मिनिट पुरतं, पंधरा-वीस मिनिटं उकळून सरपण घालवायची गरज नाही. गढूळ असेल तर आधी जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे चार पदर करून गाळा, मग उकळा. निवळीचं बी भांड्याच्या आतल्या अंगाला घासायची आजीची रीत खरी आहे, गाळ खाली बसतो, तुरटीनंही बसतो, पण जंतू त्यानं जात नाहीत, म्हणून उकळणं टळत नाही. जाळ शक्य नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या बाळगा, मेडिकलमध्ये मिळतात, गोळी टाकून अर्धा तास थांबायचं आणि मगच प्यायचं. तहान लागलेली असताना तो अर्धा तास फार मोठा वाटतो पण थांबा.

ऐनाचं खरं आहे. साल मगरीच्या पाठीसारखी असते ते झाड, कन्नडमध्ये मत्ती. काही ऐनांच्या बुंध्याला फुगवटा असतो, तिथं साल चिरली की पाणी वाहतं, बाकी कितीतरी झाडांत काहीच नसतं. चव उग्र असते. खरोखर जिवावर बेतलं तर, नाहीतर हात लावायचा नाही. आपल्या रानात पाण्यावाचून मरायची पाळी बहुतेक येत नाही, आणि बघायला म्हणून दहा जणांनी दहा झाडं चिरली तर ती किडतात.

रात्री ध्रुवतारा बघून आणि संध्याकाळी बोटं मोजून सूर्य किती वेळात मावळणार ते काढता येतं असं वाचलं. बरोबर आहे काय? (गोकाक)

बरोबर आहे, पण आकडे आपले घ्यायला हवेत. ध्रुवतारा क्षितिजापासनं किती वर दिसणार ते आपण किती अक्षांशावर आहोत त्यावर असतं. आपण साधारण १६ अंशावर. हात लांब करून मूठ धरली की सुमारे १० अंश होतात, म्हणजे दीड मुठीएवढाच वर. एवढा खाली असलेला तारा गोकाकच्या माळावर दिसेल, खानापूरच्या झाडीत दिसणार नाही, आणि पावसाळ्यात तर कुठंच नाही.

बोटांचंही तसंच. व्हिडिओत सांगतात की हात लांब करून सूर्य आणि क्षितिज ह्यांच्यामध्ये जेवढी बोटं मावतात तेवढे पंधरा-पंधरा मिनिटं धरायची. ते वरच्या मुलखांतलं, तिथं सूर्य तिरका तिरका उतरतो. आपल्याकडं तो जवळजवळ सरळ खाली जातो, एका बोटाला आठच मिनिटं धरा. चार बोटं राहिली तर तास नाही, अर्धा तास राहिलाय. शिवाय मावळल्यावर उजेडही आपल्याकडं लवकर संपतो आणि पश्चिमेला डोंगर असला तर त्याच्याही आधी. मी तर सांगतो, दुपारी तीनला जिथं असाल तिथनं माघारी फिरा. फोनमधलं जीपीएस रेंज नसतानाही चालतं, नकाशा आधी घरी डाउनलोड करून ठेवा म्हणजे झालं.

साप चावल्यावर चिरा देऊन रक्त काढायचं, वरनं घट्ट दोरी आवळायची असं मुलांना एका शिबिरात शिकवलं. हे बरोबर आहे काय? (खानापूर)

अजिबात बरोबर नाही, आणि मुलांना अजून हे शिकवतात ह्याचा मला फार राग येतो. चिरा दिल्यानं विष निघत नाही, रक्त तेवढं जातं, आणि घोणस किंवा फुरसं चावलेलं असेल तर रक्त गोठतच नसतं, ती जखम थांबवायची कशी? घट्ट आवळल्यानं हात-पाय सडतो. चोखणं, बर्फ, झाडपाला, मंत्र, सगळं सोडा. अंगठ्या, बांगड्या, पैंजण काढा कारण सूज येते. चावलेला हात-पाय मोडलेल्या हाडासारखा काठ्या लावून सैल बांधा, हलू देऊ नका, माणसाला चालवू नका. १०८ ला फोन आणि थेट सरकारी दवाखाना, तालुक्याचा किंवा जिल्ह्याचा, जाता जाता फोन करून प्रतिविष आहे का विचारा. साप मारून आणायला जाऊ नका, त्यात दुसरा चावून घेतो.

आपल्याकडं मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं ह्या चौघांवर आहे. घाटातल्या चापडा सापाच्या विषावर ते नाही, तरीही दवाखान्यातच जायचं, तिथं बाकीचे उपचार होतात. मण्याराचं वेगळं सांगतो, तो रात्री चावतो, झोपेत कळतही नाही, सकाळी पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. रानात रात्र काढलेल्या माणसाला असं काही झालं तर खूण दिसो न दिसो, साप चावलाय असं समजूनच दवाखाना गाठा. झोपताना मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा, आणि अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका.

जळवा लागू नयेत म्हणून काय करावं? (जोयडा)

पॅन्ट मोज्यात खोचा, मोज्याला मीठ किंवा तंबाखू-चुना चोळा, आणि ओल्या पाल्यात एका जागी उभं राहू नका. लागलीच तर नख आडवं धरून तोंडाकडनं सरकवा. रक्त थोडा वेळ वाहत राहतं, घाबरू नका.

जळवांपेक्षा मला गोचिडाची काळजी जास्त वाटते. पावसाळा संपला की उन्हाळ्यापर्यंत बारीक गोचीड पाल्यात असतात आणि त्यांच्यातनं माकडताप येतो. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर रानात हा पहिल्यांदा ओळखला, आता आपल्या शेजारी सत्तरी, दोडामार्गातही येऊन गेलाय. रानातनं आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, अंघोळ करताना काखा, जांघा, कानामागं बघा. रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य खात्याला कळवा. आणि नंतर आठ-दहा दिवसांत जोराचा ताप आला तर डॉक्टरांना रानात जाऊन आलोय हे सांगा.

रानातली अळंबी ओळखायची खात्रीची खूण कुठली? (नंदगड)

अशी एकही खूण नाही. चांदीचं नाणं काळं पडणं, किड्यानं खाल्लेली असणं, हे सगळं खोटं. वारुळावर उगवणारी अळंबी आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या खातात ती घरातल्या बाईला ठाऊक असते, तिच्यासोबत पाच-सहा पावसाळे जाऊन बघितलेत तरच वेचा. जीवघेण्या अळंबीचा त्रास बहुतेक सहा-बारा तासांनी सुरू होतो, तोवर ती यकृतापर्यंत पोचलेली असते, आणि शिजवून विष जात नाही. वाट चुकलेल्या माणसानं अळंबी आणि कंद ह्यांच्या वाटेला जाऊच नये, कळलावीचा कंद दिसायला चांगला असतो आणि जीव घेतो. करवंदं, जांभळं ओळखीची आहेत, ती खा.

माझे आजोबा चिकोडीकडनं मेंढरं घेऊन फिरायचे, सगळा पावसाळा एका घोंगड्यावर काढायचे. माझे मित्र मला हसतात म्हणून मी जॅकेट घेतलं. घोंगड्याचा खरोखर उपयोग होतो काय? (चिकोडी)

होतो. आजोबांचं घोंगडं घरात असेल तर ते कसर लागू न देता जपून ठेव. लोकर भिजली तरी अंगाला ऊब देते, सुती कपडा भिजला की उलट अंगातली ऊब ओढून घेतो. जुलैत कणकुंबीला थंडी म्हणावी अशी नसते, पण भिजलेला सुती शर्ट, वारं आणि रिकामं पोट ह्यांनी माणूस गारठतो. आधी हुडहुडी भरते, मग हातातनं वस्तू पडायला लागतात, मग जीभ जड होते, आणि शेवटी हुडहुडी थांबते. ती थांबली की बरं वाटलं असं समजू नको, ती सगळ्यात वाईट खूण आहे. अशा माणसाचे ओले कपडे काढायचे, कोरडं घोंगडं गुंडाळायचं, खाली पाला घालायचा, शुद्धीवर असेल तर गोड गरम चहा घोट घोट द्यायचा. दारू अजिबात नाही.

सनगर लोक लोकरीच्या धाग्याला चिंचोक्याची खळ लावून विणतात, त्यानं नवं घोंगडं ताठ असतं. आजोबा उभी घडी करून एक कोपरा आत दुमडून डोक्यावर खोळ घेत असतील, तसं घेतलं की पाणी पाठीवरनं ओघळून जातं आणि दोन्ही हात मोकळे राहतात. वजन जास्त आहे हे खरं, भिजल्यावर आणखी वाढतं, लांब चालायचं असेल तर आत जॅकेट आणि वर घोंगडं.

आणि एक उपयोग तुला सांगतो जो जॅकेटचा होत नाही. भीमगडच्या आतल्या गावांतनं पावसात गाडी जात नाही तेव्हा आजारी माणसाला उचलूनच आणावं लागतं. घोंगडं भुईवर पसर, माणसापेक्षा दोन-दोन हात लांब असे दोन कळक, म्हणजे बांबू, घे. पहिला कळक एक तृतीयांशावर ठेवायचा आणि तेवढा पदर त्याच्यावरनं आत आणायचा. त्या पदरावर हातभर अंतरानं दुसरा कळक ठेवायचा, म्हणजे मध्ये खांद्यांएवढी जागा राहते, आणि उरलेला पदर त्याच्यावरनं परत आत. गाठ कुठंच नाही, माणसाच्या वजनानंच ते घट्ट होतं. आजाऱ्याला घालायच्या आधी धडधाकट माणूस झोपवून चौघांनी गुडघ्याएवढं उचलून बघायचं, मगच निघायचं, आणि चढ असेल तर डोकं पुढं, उतार असेल तर पाय पुढं.